सारांश लिहू नका!

वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या शेजारचे एक सद्गृहस्थ आपल्या सहावीतल्या चिरंजीवांना घेऊन घरी आले. मी बाहेरच्या खोलीतच करंज्यांचे सारण परातीत कालवीत बसले होते. चहाला नको-नको म्हणून झाल्यावर त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"बाई, तुम्ही पुस्तके लिहिता, शाळेतही शिकवता. ह्या सुटीत ह्याने काय वाचावे, तेवढे सांगा. मात्र वेळ फुकट जाईल असले काही नको. ज्ञान वाढेल, निबंधाला उपयोगी पडेल, झालेच तर व्यक्तिमत्त्व सुधारेल, असे सांगा. प्रत्येक पुस्तकाचा एक पानभर सारांश मी त्याच्याकडून लिहून घेणार आहे."

चिरंजीव खाली मान घालून उभे होते. शिक्षा ऐकून झालेल्या आरोपीचीही मान इतकी खाली जात नसेल. मी त्याला सारणाचा एक घास दिला. त्याने तो खाल्ला आणि त्याचा चेहरा उजळला. ह्या सारणात खोबरे किती नि खसखस किती, ह्याचा सारांश त्याच्याकडून कोणी मागितला नाही, हे मी मुद्दाम नमूद करून ठेवते.

त्या गृहस्थांना मी यादी दिली नाही. दिवाळीनंतर देते, असे सांगून वेळ मारून नेली. ती यादी मी आता येथे देत आहे. पण नुसती यादी नव्हे, तिच्याबरोबर थोडे भांडणही. वाचकहो, सणासुदीच्या दिवसांत भांडू नये हे मला कळते. परंतु दिवाळीच्या चार दिवसांतही मुलाला आनंदासाठी वाचू द्यायचे नसेल, तर मग कधी, हा प्रश्न मला गप्प बसू देत नाही.

तुम्ही विचाराल, की ह्या बाईंचा अधिकार काय? अधिकार फार थोडा. मी मॅट्रिक, आजच्या भाषेत दहावी. पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि तेव्हापासून मुलांना फुलदाणी आणि तिची सावली काढावयास शिकवते आहे. कॉलेजची पायरी चढले नाही. तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्या चांगल्या की वाईट हे बाजूला ठेवा. पण त्यांतले प्रत्येक वाक्य लिहिण्याइतकी जी भाषा मजजवळ आहे, ती मला कोणत्याही अभ्यासक्रमाने दिलेली नाही. ती मी उपयोग नसलेल्या पुस्तकांतून, जेवणाच्या ताटावर, दिवा मालवण्याची आज्ञा झाल्यानंतर आणि गणिताच्या वहीआड उचलली. मराठीत ह्याला चोरी म्हणतात, आणि ह्या चोरीवर माझा संसार चालला आहे.

आता करमणूक ह्या शब्दाला जी मंडळी नाक मुरडतात त्यांना एक जुनी गोष्ट सांगते. हरि नारायण आपटे ह्यांनी १८९० साली एक साप्ताहिक काढले. त्याचे नाव ज्ञानवर्धन नव्हते की सुबोधमाला नव्हते. ते होते 'करमणूक'. ह्याच 'करमणुकी'तून 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी आठवड्या-आठवड्याला घरोघर पोचली. एका विधवा मुलीच्या आयुष्याची होळी कशी होते, हे जे व्याख्यानांना सांगता येत नव्हते, ते माजघरात शिरले ते करमणुकीच्या दारातून. आणि आज तुमच्या हातात जो हा दिवाळी अंक आहे, त्या अंकांची परंपरा कोठून निघाली? काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तो आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा. करमणूक आणि मनोरंजन! आपल्या वाडवडिलांना ह्या शब्दांची लाज वाटली नाही. आपल्यालाच ती कोठून आली, कोण जाणे.

कोणी म्हणेल, ही पुण्यामुंबईची हकिकत झाली. तर मग आमच्या मराठवाड्याची ऐका. आज छत्रपती संभाजीनगर म्हणतो ते आमचे शहर १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले ते उर्दू माध्यमाचे, आणि त्याच्या खालच्या माध्यमिक शाळांतही उर्दूच. माझे आजोबा त्या शाळेत शिकले. भूमिती उर्दूत, इतिहास उर्दूत. शेवटपर्यंत सहीदेखील ते उर्दूतच करीत, आणि उर्दूवर त्यांचे मनापासून प्रेमही होते. मग त्यांना अस्खलित मराठी वाचता आली ती कशाने? पोथीने थोडी, आणि नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने पुष्कळ. कोणा नातलगाने तिकडून आणलेली ती कादंबरी वाड्यातल्या सहा-सात पोरांनी मिळून वाचली. अक्षरे लागत नव्हती, पण पुढे काय झाले हे कळल्यावाचून झोप लागत नव्हती. त्या झोप न लागण्यानेच एका पिढीची मराठी जगली. त्यांना कोणी सारांश लिहावयास सांगितले असते, तर ते बिचारे सुखाने झोपी गेले असते.

माझ्या वडिलांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांनी आयुष्यभर कारखान्यात पाळ्या केल्या आणि बाबुराव अर्नाळकर वाचले. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांपैकी निम्म्या तरी आमच्या घरी येऊन गेल्या असतील असे मला लहानपणी वाटे. रात्रपाळीवरून आले की झुंजार आणि काळा पहाड ह्यांच्या संगतीत अर्धा तास काढल्याखेरीज ते अंथरुणावर पडत नसत. आमचे एक विद्वान नातेवाईक त्यांना नेहमी हिणवीत, "हे काय वाचन आहे?" वडील हसत. पुढे निवृत्तीनंतर त्यांनी माझ्या टेबलावरची 'बनगरवाडी' उचलली, दोन दिवसांत संपवली आणि मला म्हणाले, "ह्यात खून नाही, पण सोडवत नाही." त्या विद्वान नातेवाइकांनी 'बनगरवाडी' अजून वाचलेली नाही. नावे ठेवण्याइतपत त्यांना सर्व ठाऊक असते.

म्हणून माझा पहिला मुद्दा असा, की रुची ही वरून घातलेल्या पाण्याने वाढत नाही. ज्याला वाचनाची चटक लागली तो आज ना उद्या चांगल्या पुस्तकापाशी पोचण्याची आशा असते. ज्याला चांगल्या पुस्तकाचा धाक बसला, तो कोणत्याच पुस्तकापाशी जात नाही. कला कलेसाठी की जीवनासाठी, ह्यावर फडके आणि खांडेकर ह्यांच्या अनुयायांनी वर्षानुवर्षे वाद घातला. त्याच काळात कितीतरी मुलींच्या उशीखाली दोघांचीही पुस्तके गुण्यागोविंदाने नांदत होती. वाचणाऱ्याला वाद नको असतो, त्याला दिवा हवा असतो.

दुसरा मुद्दा मोबाईलचा. "मुले मोबाईलमुळे वाचत नाहीत" हे वाक्य मी सभांतून इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा अर्थ उडून गेला आहे. मोबाईल गोड आहे, हे खरेच. पण त्याचा विजय केवळ गोडीमुळे झालेला नाही. मोबाईल पाहून झाल्यावर "ह्यावरून काय बोध घेतलास?" असे कोणी विचारीत नाही. चार चित्रफिती पाहिल्यावर त्यांतील आवडत्या पात्राचे स्वभावचित्र दहा ओळींत काढावे लागत नाही. आपण पुस्तकाच्या पाठीवर प्रश्नपत्रिका बांधली, मोबाईलला मोकळा सोडला, आणि आता शर्यतीत पुस्तक मागे पडले म्हणून गळा काढतो आहोत.

तिसरा मुद्दा आमच्या शाळांचा. डॉ. कलाम ह्यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. हेतू उत्तमच आहे. परंतु मी जे पाहिले आहे ते सांगते. मुलांना मैदानात रांगेने बसवतात, हाती येईल ते पुस्तक वाटतात. छायाचित्र निघते, ते वरती पाठवले जाते, आणि घंटा झाली की पुस्तके मोजून कपाटात. एकदा एका मुलीची गोष्ट ऐन रंगात आली होती. तिने पुस्तक घट्ट धरून ठेवले. ते तिच्या हातून ओढून घेणारी शिक्षिका वाचनाची प्रेरणाच देत होती, असे म्हणावयाचे!

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे घेते, नाहीतर हे भांडण न्यायाचे होणार नाही. ते म्हणणे शेजारच्या सद्गृहस्थांचे नव्हे. आमची शाळा शहराबाहेर, पैठणच्या वाटेवर आहे. तेथे पालकसभेला आलेली एक आई मला म्हणाली होती, "बाई, गोष्टी वाचून पोट भरतंय व्हय? चार मार्क पडले तर त्याच्या हातातला कोयता सुटंल." ह्या वाक्यापुढे मी आजही मान झुकवते. ज्यांच्याजवळ मुलाच्या गुणांवाचून दुसरे भांडवल नाही, त्यांनी गुणांची काळजी करू नये, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

मी त्या बाईंचे ऐकले. आणि ऐकून जे केले, ते आजवर कोठे लिहिले नव्हते.

तिचा मुलगा माझ्या वर्गात सातवीला होता. चित्रकलेच्या तासाला तो मांडीवर पुस्तक ठेवून वाचताना सापडला. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. पुठ्ठा गेलेला, रद्दीच्या दुकानातून स्वतःच्या पैशांनी घेतलेला. सहामाही परीक्षा तोंडावर आली होती. मी पुस्तक काढून घेतले. तो म्हणाला, "बाई, थोडीच पानं राहिलीत." मी म्हटले, "परीक्षा झाली की देते." मला वाटले, मी त्याच्या आईच्या शब्दाला जागते आहे.

दसरा झाला. आमच्याकडे दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, तेव्हा थांबून चालत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेरडे, म्हाताऱ्या आणि पोरे बसतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांची वाट धरतात. तो मुलगाही गेला. ती परीक्षा त्याने दिलीच नाही. परीक्षा झाल्यावर पुस्तक द्यावयाचे, हा माझा शब्द मला पाळताच आला नाही. पुढल्या वर्षी तो शाळेत आला नाही. पुस्तक माझ्या कपाटात आहे. शेवटून सातव्या पानावर खूण म्हणून घातलेले एसटीचे तिकीट आहे.

त्याला चार मार्क अधिक मिळाले नाहीत. हातचा कोयताही सुटला की नाही, मला ठाऊक नाही. पण सात पाने त्याची होती, त्याने ती पैसे मोजून विकत घेतली होती, आणि ती मी घेतली. फडावरच्या कोपीत बसून ती सात पाने त्याने वाचली असती, तर उसाचे एक कांडेही कमी तुटले नसते. ज्यांच्याजवळ फुरसत फार थोडी, त्यांच्याच फुरसतीवर आपण आधी जप्ती नेतो. श्रीमंताच्या मुलाचा आनंद कोणी परीक्षेपर्यंत तहकूब ठेवीत नाही. तेव्हापासून 'उपयोग' हा शब्द ऐकला की मला ते तिकीट दिसते. म्हणून त्या आईचे दुःख मला मान्य आहे, परंतु तिच्या वाक्यातून मी जो निष्कर्ष काढला तो चुकीचा होता. आनंद हा अभ्यासाचा शत्रू नव्हता. तो त्या मुलाचा सोबती होता, आणि मी दोघांची फारकत केली.

असो. आता कबूल केलेली यादी.

मुलांसाठी पहिला अर्थातच 'फास्टर फेणे'. फुरसुंगीचा हा काटकुळा बनेश फेणे जेथे जाईल तेथे भानगडीत सापडतो, आणि त्याच्याबरोबर वाचणाराही. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' त्याच्याहून वडील, पण अजून दमलेला नाही. जरा मोठ्या मुलांनी राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले 'पाडस' घ्यावे. अमेरिकेतल्या रानात वाढणाऱ्या मुलाची आणि त्याच्या हरणाच्या पाडसाची ही कथा आहे. ती वाचून मूल रडले तर रडू द्यावे, लगेच पाणी घेऊन धावू नये.

घरात मोठ्याने वाचावयाचे असेल तर चिं. वि. जोशी. पाली भाषेचा हा पंडित बडोद्यास राहून चिमणराव आणि गुंड्याभाऊ ह्यांच्या फजितीच्या कथा लिहीत होता. विद्वत्तेने हसू बाटते असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. रात्रीची जेवणे झाल्यावर एकाने वाचावे, बाकीच्यांनी शेंगा सोलीत ऐकावे.

ज्यांना प्रवास परवडत नाही, त्यांनी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' हाती घ्यावा. वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेस गेला आणि १८५७ च्या धामधुमीत थेट झाशीत अडकला. त्याने हकिकत लिहिली १८८३ साली, ती छापून आली १९०७ साली. इतक्या भीतीच्या प्रसंगांतही ह्या माणसाचे लक्ष जेवणाच्या बेतावर असते, म्हणून तो मला फार जवळचा वाटतो.

गृहिणींसाठी, म्हणजे फराळाची भांडी आवरून झाल्यावर ज्या अर्धा तास पाय पसरतात त्यांच्यासाठी, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ह्या बाईंना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते. नवऱ्याच्या लहरी, वियोग आणि धर्मांतर ह्यांतून गेलेले आयुष्य त्या अशा मिस्किलपणे सांगतात, की आपल्या घरची कुरकुर आपल्यालाच लहान वाटू लागते. पुरुषांनीही वाचल्यास हरकत नाही. किंबहुना त्यांनी आधी वाचावे.

आणि आमच्या मराठवाड्याचे काही. परभणीस निजामी अमलात सरकारी कचेरीत खर्डेघाशी करीत लिहिणाऱ्या आणि १९५३ साली अकाली गेलेल्या बी. रघुनाथांची 'आडगावचे चौधरी' ही कादंबरी ग्रंथालयात मागून पाहा. प्र. ई. सोनकांबळे ह्यांचे 'आठवणींचे पक्षी' मी आनंदाच्या यादीत घालते आहे, ह्याचे कोणास नवल वाटेल. उपाशी, पोरक्या पोराची ही आठवण; तीत आनंद कसला? परंतु हसणे म्हणजेच आनंद नव्हे. आपल्याच गावच्या वेशीबाहेरचे माणूस आपल्याशी आपल्या बोलीत बोलते आणि आपण ऐकत राहतो, ह्यातही एक मोठे सुख आहे. आणि ज्यांना फार जुने हवे असेल त्यांनी म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' रोज दोन लीळा ह्या बेताने वाचावे. १२७८ च्या सुमाराचे हे गद्य. पैठणच्या गोदाकाठची माणसे त्यात आजच्यासारखी भांडतात, जेवतात, प्रश्न विचारतात.

ही पुस्तके विकत घेणे जमत नसेल तर आपल्या शहरात बळवंत वाचनालयासारखी जुनी वाचनालये आहेत, औरंगपुऱ्यात दुकानांची ओळ आहे, आणि रद्दीवाल्याकडे तर खजिनाच असतो. एका पैठणीच्या पदरात किती पुस्तके बसतील, ह्याचा हिशेब मी येथे मांडीत नाही, सण आहे.

नियम मात्र माझे तीनच. आवडले नाही तर पुस्तक मध्येच सोडून द्यावे. लेखकाला राग येत नाही, मी लेखक आहे, मला ठाऊक आहे. वाचणाऱ्याला हाक मारण्यापूर्वी प्रकरण कोठे संपते ते पाहावे. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा: वाचून झाल्यावर कोणी काही विचारू नये. मूल आपण होऊन सांगू लागले तर हातातले काम टाकून ऐकावे. ते जे सांगेल तोच सारांश. तो वहीत उतरवून घेण्याची गरज नसते.

मी स्वतः आता एवढेच करते. दसऱ्याच्या आधी माझ्या वर्गातून जी मुले टोळीबरोबर जाणार असतात, त्यांच्या दप्तरात एकेक गोष्टीचे पुस्तक घालते आणि ते परत मागत नाही. गेल्या साली अशी अकरा पुस्तके दिली. दोन परत आली, तीही चिखलाने भरून, पाने सुटून. उरलेली नऊ कोठे आहेत मला माहीत नाही. आमचे मुख्याध्यापक त्यांना 'गहाळ' म्हणतात. मी माझ्या वहीत ती जमेच्या बाजूला लिहिली आहेत.

शेजारचे सद्गृहस्थ भाऊबीज झाल्यावर यादीसाठी येणार आहेत. त्यांना मी हा अंकच देणार आहे. आणि तो वाचून झाल्यावर त्यांच्याकडून सारांश मागणार नाही.